डोंगरमाथ्यावरचा बिंदू आणि विल्यम लॅम्बटन

सर्वेक्षण विभागाच्या नकाशावर काही डोंगरमाथ्यांपाशी एक लहानसा त्रिकोण, त्याच्या मधोमध ठिपका आणि शेजारी उंचीचा आकडा छापलेला असतो. तो माथा चढून गेलेल्याला नशीब असेल तर गवताखाली झाकलेल्या कातळात कोरलेले एक वर्तुळ व त्याच्या केंद्रातील बिंदू सापडतो. ब्रिटनमध्ये १९३६ पासून उभारलेल्या साडेसहा हजारांहून अधिक मोजणीखांबांना एकेक करून भेट देणे हा कित्येकांचा आयुष्यभराचा छंद आहे. मे २००० मध्ये उपग्रहावरून जागा दाखवणारी यंत्रणा सामान्य माणसासाठी अधिक अचूक झाली, ‘जिओकॅशिंग’ नावाचा शोधाशोधीचा खेळ निघाला आणि अमेरिकेत त्या खेळात अशा खुणाही सामील झाल्या. भारतात या खुणांची अखंड साखळी सुरू करणारा माणूस मात्र खेळगडी नव्हता. तो यॉर्कशायरचा होता आणि त्याचा देह विदर्भातील हिंगणघाटात विसावला आहे.

विल्यम लॅम्बटन यांचा जन्म १७५३ च्या सुमारास नॉर्थॲलर्टन गावाजवळ, सामान्य घरात झाला. जन्मवर्ष नक्की नाही, कारण आपले वय सांगण्याची त्यांना आवड नव्हती. १७८१ मध्ये ते लष्करात भरती झाले, अमेरिकेतील युद्धात यॉर्कटाउन येथे कैद झाले आणि सुटकेनंतर कॅनडातील न्यू ब्रन्सविकमध्ये बराकींची देखरेख करीत सुमारे तेरा वर्षे पडून राहिले. बढती नाही, नाव नाही. त्या एकांतात त्यांनी गणित आणि भूमापनशास्त्राचा कसून अभ्यास केला. सूर्यग्रहण पाहताना एक डोळाही जवळजवळ गमावला. चाळिशी उलटून गेल्यावर पलटणीबरोबर हिंदुस्थानात आलेला हा अबोल अधिकारी पुढे काही करील, असे फारसे कुणाला वाटले नसावे.

१७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या मोहिमेत, रात्रीच्या अंधारात तुकडी भलत्याच दिशेने शत्रूकडे चालली आहे, हे त्यांनी ताऱ्यांवरून ओळखले. टिपू पडल्यावर त्यांनी आर्थर वेलस्लीमार्फत योजना मांडली: द्वीपकल्पाची पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत त्रिकोणांच्या जाळ्याने मोजणी करायची. कंपनी सरकारातील हिशेबी मंडळींना हा खर्च अनाठायी वाटला. श्रीरंगपट्टणला जायचे तर पालखीच्या भोयांना सांगितले म्हणजे पुरे, नकाशा कशाला, असा त्यांचा सूर होता.

१० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ सेंट थॉमस टेकडीपाशी पायारेषेची मोजणी सुरू झाली. साडेसात मैलांच्या या रेषेवर शंभर फुटी पोलादी साखळी चारशे वेळा टाकावी लागली. साखळी लाकडी पेट्यांत सरळ रेषेत ठेवायची, वर तंबूची सावली धरायची, उष्णतेने पोलाद किती वाढले हे तापमापकावरून काढून हिशेबात धरायचे. ऐन उन्हाळ्यात या कामाला सत्तावन्न दिवस लागले. एक बाजू अशी पक्की झाली की पुढे जमिनीवर साखळी ओढण्याचे कारण उरत नाही. दोन टोकांवरून तिसऱ्या टेकडीचे कोन घ्यायचे, की त्रिकोणाच्या उरलेल्या बाजू गणिताने निघतात. त्यांपैकी एक बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया होते. म्हणूनच माथ्यावरचा बिंदू बोटभरही हलून चालत नसे. तिथली चूक साखळीतल्या पुढच्या प्रत्येक त्रिकोणात शिरली असती.

कोन घेण्याचे यंत्र तीन फूट व्यासाच्या तबकडीचे, सुमारे अर्धा टन वजनाचे होते. इंग्लंडहून येताना ते फ्रेंचांनी समुद्रात पकडून मॉरिशसला नेले आणि सौजन्याने परतही केले. हे धूड माणसांच्या खांद्यावरून डोंगरावर चढत असे. वाट तोडणारे, झाडे पाडणारे, निशाण धरून दूरच्या माथ्यावर दिवसच्या दिवस उभे राहणारे खलाशी आणि हमाल यांची नावे कोणत्याही नकाशावर नाहीत. मोजणीच्या फौजेतील कित्येक जण जंगलातील तापाने गेले, हे या पराक्रमाच्या कथा सांगताना सहसा वगळले जाते.

मंगळूरपर्यंतची साखळी पूर्ण झाली तेव्हा द्वीपकल्पाची रुंदी जुन्या नकाशांतील चारशे मैलांऐवजी तीनशे साठ मैल भरली. चाळीस मैलांचा मुलूख कागदावरून नाहीसा झाला! टीकाकारांची तोंडे बरीचशी बंद झाली.

१८०८ मध्ये ही मोजणी तंजावरला पोहोचली. गादीवर सरफोजीराजे भोसले होते. सपाट प्रदेशात टेकड्या नाहीत, म्हणून यंत्र बृहदीश्वराच्या उत्तुंग मंदिरावर चढवताना दोर तुटला. यंत्र भिंतीवर आदळले आणि तबकडीचा आकारच बिघडला. दुसरे यंत्र मागवायचे तर वर्षे गेली असती आणि वरिष्ठांपुढे अपघाताची कबुली द्यावी लागली असती. लॅम्बटन यांनी यंत्र घेऊन स्वतःला कोंडून घेतले आणि सहा आठवडे खपून ती तबकडी जवळजवळ पूर्ववत केली. याच यंत्राने त्यांनी पुढेही काम केले.

त्यांचे मन मात्र नकाशापेक्षा पृथ्वीच्या आकारात अधिक गुंतले होते. रेखांशाच्या एका अंशाला समांतर जाणारी दक्षिणोत्तर कमान मोजली तर पृथ्वी ध्रुवांपाशी किती चपटी आहे हे कळते. कन्याकुमारीपासून वऱ्हाडापर्यंत सुमारे तेरा अंशांची ही कमान त्यांच्या हयातीत पुरी झाली. १८१७ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले. १८१८ मध्ये या कामाला ‘ग्रेट ट्रिगनोमेट्रिकल सर्व्हे’ हे नाव मिळाले आणि जॉर्ज एव्हरेस्ट त्यांचे प्रमुख सहाय्यक झाले.

जानेवारी १८२३ मध्ये, सत्तरीला टेकलेले, छातीच्या विकाराने खंगलेले लॅम्बटन हैदराबादहून नागपूरकडे निघाले होते. वाटेत वणा नदीकाठच्या हिंगणघाटात त्यांचा प्रवास थांबला. एव्हरेस्ट यांनी कमान हिमालयाच्या पायथ्याशी नेली. पुढे याच जाळ्याच्या आधारे ‘शिखर पंधरा’ जगात सर्वांत उंच ठरले, राधानाथ सिकदारांच्या गणिताने ते सिद्ध झाले आणि १८६५ मध्ये त्याला एव्हरेस्ट यांचे नाव देण्यात आले. लॅम्बटन यांच्या नावाचे शिखर नाही.

मराठी मुलखाबाहेर पडलेल्या मराठी माणसांच्या समाध्या आपण जपतो. डाकोरला १७३२ मध्ये मारले गेलेले पिलाजीराव गायकवाड यांचे दहन वडोदऱ्याजवळच्या सावलीत झाले आणि तिथे त्यांची स्मृती आजही राखली जाते. मराठी मुलखात येऊन पडलेल्या या परक्या मोजणीदाराची कबर मात्र कापसाच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध असलेल्या गावात वर्षानुवर्षे दुर्लक्षित राहिली. त्यांच्या साखळीतील खुणा शोधायला लोक डोंगर चढतात. कबरीपर्यंत पोहोचायला चढ नाही.