बर्फ वितळताना उष्णता जाते कुठे? हे शोधणाऱ्या माणसाने त्यावर पुस्तकच छापलं नाही

उन्हाळ्यात सरबताच्या ग्लासात बर्फाचे चार खडे टाकले की शेवटचा खडा वितळेपर्यंत सरबत गार राहतं. बाहेरची उष्णता तर सतत आत येत असते. मग ती जाते कुठे?

प्रश्न साधा वाटतो. पण साधारण २६० वर्षांपूर्वीपर्यंत याचं नीट उत्तर कुणाकडे नव्हतं. ते शोधलं जोसेफ ब्लॅक यांनी.

ब्लॅक यांचा जन्म १७२८ चा, फ्रान्समधल्या बोर्दो शहरातला. घराणं मूळचं स्कॉटिश, वडील बेलफास्टचे आणि धंदा वाइनचा. बाराव्या वर्षी पोराला शाळेसाठी बेलफास्टला पाठवलं. पुढे ग्लासगो आणि एडिनबरामध्ये ते वैद्यकशास्त्र शिकले. मुतखड्यावर औषध शोधता शोधता त्यांच्या हाती एक वेगळाच वायू लागला. आज आपण त्याला कार्बन डायऑक्साइड म्हणतो. हे काम १७५६ मध्ये छापून आलं आणि त्याच वर्षी ते ग्लासगो विद्यापीठात प्राध्यापक झाले.

तेव्हा सगळ्यांची समजूत अशी होती की बर्फ एकदा वितळण्याच्या तापमानाला आला, की जराशी उष्णता दिली तरी त्याचं लगेच पाणी होतं. ब्लॅक यांना हे पटेना. तसं असतं तर थंडी ओसरताच डोंगरावरचा सगळा बर्फ एकदम वितळला असता आणि गावंच्या गावं पुरात वाहून गेली असती. प्रत्यक्षात डोंगरावरचा बर्फ कित्येक आठवडे टिकतो.

मग त्यांनी एक प्रयोग केला. काचेची दोन सारखी भांडी घेतली, दोन्हींत सारखंच पाणी भरलं. एकातलं पाणी गोठवलं, दुसऱ्यातलं गोठायच्या जवळ आणून ठेवलं. दोन्ही भांडी एका मोठ्या दालनात टांगली आणि ते वाट बघत बसले.

गार पाण्याचं तापमान ७ अंश फॅरनहाइटने वाढायला अर्धा तास लागला. बर्फाचं पाणी होऊन ते तेवढ्याच तापमानाला यायला मात्र तब्बल साडेदहा तास, म्हणजे २१ पट वेळ! इतका वेळ बर्फ उष्णता घेतच होता, पण थर्मामीटरवर ती दिसत नव्हती. ती बर्फाचं पाणी करण्यात खर्च होत होती.

या लपलेल्या उष्णतेलाच आपण शाळेत अप्रकट उष्मा म्हणून शिकलो. ब्लॅक यांचा हिशेब सेल्सिअसमध्ये मांडला तर साधारण ७७ अंश येतो. आजचा आकडा आहे ८०. म्हणजे ० अंशाच्या बर्फाचं नुसतं पाणी करायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात तेच पाणी ८० अंशांपर्यंत तापलं असतं. दोन भांडी आणि एक थर्मामीटर एवढ्यावर ते इतक्या जवळ पोहोचले होते.

१७६२ मध्ये ते वाफेकडे वळले. तापलेल्या शेगडीवर पाणी ठेवलं. ते उकळायला चारेक मिनिटं लागली, पण सगळं आटायला त्यापुढे वीसेक मिनिटं. आच तीच, पारा मात्र जागचा हलला नाही. पाण्याची वाफ व्हायला तर बर्फ वितळण्यापेक्षा कितीतरी जास्त उष्णता लागते, हे यातून कळलं.

त्याच विद्यापीठात उपकरणं दुरुस्त करणारा एक तरुण होता, जेम्स वॅट. थोड्याशा वाफेने एवढं सारं पाणी कसं तापतं, हे त्याला उलगडत नव्हतं. ब्लॅक यांनी ते समजावून सांगितलं आणि पुढे पैशांचीही मदत केली. वाफेच्या इंजिनाची सुधारणा थेट या सिद्धांतातून सुचली नाही, असं वॅटने नंतर स्पष्ट केलं. पण वाफ वाया घालवणं किती महागात पडतं, ते त्याला इथे नीट कळलं.

आता खरी गंमत. एवढा मोठा शोध ब्लॅक यांनी कधी छापलाच नाही. तब्येत नाजूक, स्वभाव काटेकोर. वर्गात मात्र ते सगळं मोकळेपणाने सांगायचे. १७६६ पासून एडिनबरामध्ये त्यांच्या व्याख्यानांना लांबून विद्यार्थी यायचे. त्यांनी उतरवून घेतलेल्या वह्या हातोहात फिरायच्या. इकडे स्वीडनमध्ये योहान विल्के यांनी तोच शोध स्वतंत्रपणे लावला आणि १७७२ मध्ये छापलाही. डिसेंबर १७९९ मध्ये ब्लॅक गेले. त्यांची व्याख्यानं पुस्तकरूपात आली ती १८०३ मध्ये, त्यांचे विद्यार्थी जॉन रॉबिसन यांच्यामुळे.

आज याच गोष्टीवर पावसाचं अख्खं गणित चालतं. समुद्राचं पाणी वाफ होताना उष्णता सोबत घेऊन वर जातं. उंचावर त्या वाफेचे थेंब होतात तेव्हा तीच उष्णता बाहेर पडते, हवा आणखी वर चढते आणि ढग फुगत जातो. अरबी समुद्रावरच्या चक्रीवादळांना बळ मिळतं ते यातूनच. जमिनीवर आल्यावर वाफेचा पुरवठा तुटतो आणि वादळाचा जोर ओसरतो.

घरातला माठही हेच करतो. त्यातून पाझरलेलं पाणी वाफ होताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. म्हणून भर मे महिन्यात फ्रिजशिवाय गार पाणी मिळतं.