सरखेल कान्होजी आंग्रे : तहानंतरची वर्षे

पैनगंगेकाठच्या आपल्यासारख्यांना समुद्र दूरचा. पण कान्होजींचे घराणेही मूळचे घाटावरचेच. पुण्याकडील आंगरवाडीवरून आंग्रे हे आडनाव पडले. कान्होजी मात्र वाढले कोकणात, सुवर्णदुर्गाच्या सावलीत, आणि १६९८ च्या सुमारास मराठी आरमाराचे प्रमुख झाले.

शाहू व ताराबाई यांच्या भाऊबंदकीत ते आधी ताराबाईंच्या पक्षात होते. चालून आलेले पेशवे बहिरोपंत पिंगळे यांनाच त्यांनी कैद केले! मग १७१३ साली पेशवेपदावर आलेले बाळाजी विश्वनाथ बोलणी करण्यास आले. तेही कोकणचेच, श्रीवर्धनचे. कान्होजींनी पंतांना सोडले, शाहूंचे स्वामित्व मानले, घाटावरचे बहुतेक किल्ले परत केले. आरमार व किनारा त्यांच्याकडे राहिला.

कोणी याला पक्षबदल म्हणतील. मला त्यात किनाऱ्याची काळजी दिसते. सिद्दी, इंग्रज, पोर्तुगीज असे तिघे शत्रू समोर असता पाठीशी घाट हवाच. १७२१ च्या अखेरीस इंग्रज व पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर आले, तेव्हा बाजीराव फौजेनिशी धावून आले. पोर्तुगीजांनी तह केला. इंग्रज हात हलवीत मुंबईस परतले.

इंग्रज त्यांना चाचा म्हणत. दस्तक न घेणारी गलबते ते पकडीत, एवढाच गुन्हा. पोर्तुगीज तरी निराळे काय करीत होते?

कुलाब्यासमोर हिराकोट उभा राहिला, अलिबागची वस्ती वाढली. ४ जुलै १७२९ रोजी कान्होजी वारले. त्यांची समाधी आंगरवाडीस नाही, अलिबागेतच आहे.