ताराबाई मोडक

महाडच्या पेठेपासून पोलादपूरच्या डोंगरातल्या वाड्यांपर्यंत अंगणवाडी हा शब्द आज कोणाला ठाऊक नाही? पण ज्यांनी ती प्रथम उभी केली, त्या ताराबाई मोडकांविषयी आपल्या भगिनींपैकी थोड्यांनाच माहिती असेल. म्हणून हा लेखनप्रपंच. मी सातवी शिकलेली; चुकले-माकले सांभाळून घ्यावे.

ताराबाई १८९२ साली मुंबईस केळकरांच्या घरी जन्मल्या. १९१४ साली बी. ए. झाल्या. अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी विवाह झाला, पण तो संसार टिकला नाही. राजकोटला नोकरी करून १९२३ साली त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात गेल्या. गिजुभाईही मूळचे वकीलच. एवढा मोठा मिशाळ पुरुष, पण लोक त्याला आई म्हणत!

मूल बालमंदिरात थोडाच वेळ असते, बाकी सारा दिवस घरी. तेव्हा आईबापांनाही शिकविले पाहिजे. त्यासाठी १९३३ पासून ताराबाईंनी मराठीत शिक्षणपत्रिका चालविली. मुलांना मारू नये, बागुलबुवाची भीती घालू नये, खाऊची लालूच दाखवू नये, आणि लाडाने त्यांचे प्रत्येक काम आपण करू नये, अशी त्यांची शिकवण.

हे वाचून मला प्रथम रागच आला. लावणीच्या दिवसांत शेतावर जायची घाई, आणि मूल एकेक गुंडी लावीत बसणार! मी थोरल्याचा हात झटकून गुंड्या लावीत असे. रडला की धपाटा. आज तोच आपल्या मुलाचा हात तसाच झटकतो, तेव्हा मला बघवत नाही. पण वाटे, १९३६ साली दादरला शिशुविहार काढणाऱ्या बाईंना आमचे कष्ट काय ठाऊक?

पण ताराबाई १९४५ साली बोर्डीला खेड्यात गेल्या. गरिबांची मुले बालवाडीत येईनात. त्यांनी आईबापांना बोल लावला नाही. वस्तीतल्या अंगणातच बालवाडी नेली. महागड्या साधनांऐवजी शिंपले, बिया, खडे घेतले. १९५७ साली कोसबादला गेल्यावर, वारल्यांची मुले गुरे राखतात म्हणून शाळाच कुरणात भरविली. अनुताई वाघ या कामात त्यांच्या सोबत होत्या.

१९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. १९७३ साली त्या वारल्या. सरकारची अंगणवाडी योजना १९७५ साली सुरू झाली.

गेल्या लावणीला मी नातवाला अर्धा तास आधी उठविले. दोन गुंड्या भलत्याच काजात गेल्या. सून हसली. तो तसाच बांधावर आला.