हातांनी उभारलेले छप्पर

सोमनाथचे मे महिन्यातले ऊन ज्याने अंगावर घेतले असेल, त्याला चंद्रपूरचा उन्हाळा वेगळा सांगावा लागत नाही. १९७४ साली मी नागपूरला कॉलेजात शिकत होतो. मूल तालुक्यात, ताडोबाच्या जंगलाजवळ बाबा आमटे यांची श्रमसंस्कार छावणी भरत असे. तिथे जायचे मी ठरवले आणि घरात दोन दिवस अबोला झाला. आईचे म्हणणे एकच, तिथे महारोगी असतात. त्या काळी हाच शब्द सगळ्यांच्या तोंडी होता. मी मोठ्या तोऱ्यात निघालो खरा. पण आईची भीती माझ्याही वळकटीत बांधलेली होती, हे तिथे गेल्यावर कळले.

आमच्या सहा जणांच्या तुकडीला अवजारे ठेवण्यासाठी एक झोपडी उभारायची होती. शिकवायला आनंदवनातून आलेले एक काका होते. रोग बरा झाला होता, पण जाताना बोटे आखडून गेला होता. दोन मनगटांत दोरी धरून दातांनी गाठ आवळायची त्यांची हातोटी बघत राहावी अशी होती. मेढ पुरण्याआधी तिचा बुडखा विस्तवावर काळा करून घ्यायचा, म्हणजे वाळवी लवकर लागत नाही. मेढ वरून बेचक्याची निवडायची, म्हणजे आढे तिच्यात पक्के बसते. मग वासे, वाशांवर बांबूच्या कामट्या आणि त्यावर गवत. गवत खालून वर शाकारत न्यायचे, म्हणजे पाणी एका थरावरून दुसऱ्या थरावर घसरत खाली उतरते. भिंती कुडाच्या, वरून माती आणि शेणाचा लेप. थंड देशांत लोक ओंडक्यावर ओंडका रचून घर बांधतात, कारण तिथे थंडी अडवायची असते. आपल्या झाडीपट्टीत ऊन आणि पाऊस अडवायचा असतो. म्हणून इथले घर बांबूचे, बल्ल्यांचे आणि मातीचे.

पहिल्या दिवशी काकांनी माठातले पाणी लोट्यात भरून माझ्यापुढे धरले. तहान नाही, असे मी सांगितले. घसा तर कोरडा पडला होता. काका काही बोलले नाहीत. लोटा घेऊन ते पुढच्या मुलाकडे गेले.

त्या रात्री छावणीत बाबांच्या आयुष्याची गोष्ट निघाली, आणि पळ काढणारा मी पहिला नव्हतो हे समजले.

मुरलीधर देविदास आमटे यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ चा, वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटचा. घर जमीनदाराचे. लहान वयातच हातात बंदूक आली, शिकारीचा नाद लागला. तरुणपणी दिमतीला मोटारगाडी आली. वकिलीची परीक्षा देऊन त्यांनी वरोऱ्याला वकिली केली. नगरपालिकेचे उपाध्यक्ष असताना सफाई कामगारांचे दुःख कळावे म्हणून मैल्याच्या टोपल्या त्यांनी स्वतः डोक्यावरून वाहिल्या. आपण कशाला घाबरत नाही, अशी त्यांची समजूत होती.

ती समजूत तुळशीराम नावाच्या एका रुग्णाने मोडली. पावसात भिजत, कुष्ठरोगाने झडलेले शरीर घेऊन तो रस्त्याकडेला पडला होता. बाबांनी त्याला पाहिले आणि ते घाबरून घराकडे पळाले. पण घरी त्यांना चैन पडेना. जिथे भीती आहे तिथे प्रेम नाही, हे त्यांना स्वतःच्याच वागण्यातून कळले. ते परत गेले. त्याला खाऊ घातले आणि पाऊस लागू नये म्हणून त्याच्यावर बांबूचा आडोसा उभा केला. तुळशीराम वाचला नाही. बाबांच्या पुढच्या साऱ्या बांधकामाचा पाया मात्र त्या आडोशात घातला गेला, असे मला वाटते.

१९४६ मध्ये इंदू घुलेशास्त्री यांच्याशी त्यांचे लग्न झाले. त्याच पुढे साधनाताई. बाबांनी वर्ध्याजवळच्या दत्तपूरच्या कुष्ठधामात काम पाहिले, कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये उपचार शिकून घेतले. तिथे प्रयोगासाठी रोगाचे जंतूही स्वतःच्या शरीरात टोचून घेतले. रोग काही झाला नाही.

१९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन झाली. वरोऱ्याजवळची ५० एकर खडकाळ, झुडपी जमीन मिळाली. १९५१ मध्ये साधनाताई, दोन तान्ही मुले, सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि गाठीला १४ रुपये, एवढ्या भांडवलावर आनंदवन सुरू झाले. साप-विंचवांच्या त्या माळावर पहिल्या झोपड्या त्यांनीच उभारल्या, विहीरही त्यांनीच खोदली. भीक मागण्यासाठी पसरलेला हात आणि कुदळ धरणारा हात यांतला फरक बाबांना दाखवायचा होता. औषधाने रोग जातो, पण गेलेला मान काम केल्यानेच परत येतो, हा त्यांचा विश्वास होता.

मान सहजासहजी मिळाला नाही. आनंदवनात भाजी पिकू लागली, पण वरोऱ्यात ती कोणी घेईना. १९५४ मध्ये सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे देशोदेशीचे स्वयंसेवक येऊन राहिले. त्यांनी रुग्णांच्या बरोबरीने घाम गाळून दवाखान्याच्या इमारती उभ्या केल्या. परदेशी मुले या माणसांत राहतात, जेवतात, हे गावाने पाहिले आणि भीती ओसरू लागली. १९६४ मध्ये आनंदवनात कॉलेज निघाले. ज्यांना गावाने बाहेर काढले होते, त्यांनीच गावातल्या मुलांसाठी वर्ग बांधले.

२३ डिसेंबर १९७३ ला, म्हणजे मी छावणीला गेलो त्याच्या काही महिने आधी, भामरागडच्या जंगलात हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला होता. तो भाग तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यातच होता. गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये वेगळा झाला. पावसाळ्यात नद्या भरल्या की जगाशी संबंध तुटायचा. तिथेही माडिया गोंडांच्या सेवेसाठी पहिल्या झोपड्या उभारायला आनंदवनातले हातच गेले होते. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांनी पुढे तिथेच आयुष्य वेचले.

तिसऱ्या दिवशी कुदळीने माझ्या तळहाताला फोड आला. मी कळवळून बसलो. काकांनी आपला हात उघडून दाखवला. त्यांच्या हाताला माझ्यापेक्षा मोठी जखम झाली होती, रक्त येत होते आणि त्यांना त्याचा पत्ताच नव्हता. त्या हातांना संवेदनाच नव्हती. म्हणून ते कुदळीच्या दांड्याला चिंध्या गुंडाळत आणि रोज संध्याकाळी दोन्ही हात डोळ्यांनी तपासत. दुखणे ही शरीराची केवढी मोठी राखण आहे, हे मला त्या दिवशी समजले. मी त्यांच्या हाताला पट्टी बांधली, आणि मग माठाकडे बोट दाखवून पाणी मागितले. लोटा एका दमात रिकामा केला.

बाबांशी माझे कधी बोलणे झाले नाही. मणक्याच्या आजाराने त्यांना पुढे बसणेही अशक्य झाले. एक तर उभे राहायचे, नाही तर आडवे व्हायचे. तशा पाठीने ते १९८५-८६ मध्ये तरुणांना घेऊन कन्याकुमारीपासून काश्मीरपर्यंत गेले आणि १९९० मध्ये आनंदवन सोडून नर्मदेकाठी राहायला गेले. ९ फेब्रुवारी २००८ ला आनंदवनात त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचा देह तिथल्याच मातीत पुरला.

आमच्या झोपडीची एक मेढ वाकडी बसली होती. काकांनी ती तशीच ठेवू दिली. छप्पर पडणार नव्हते. घरी आल्यावर मी आईला सगळे सांगितले, लोट्याचेही. ती काही बोलली नाही. पुढच्या मे महिन्यात माझी वळकटी तिनेच बांधून दिली. वर काकांसाठी लाडवांचा डबा ठेवला होता.