वडिलार्जित वाटा

पाचाडला जिजाबाईंच्या समाधीपुढे आपण नतमस्तक होतो, मग पायऱ्या चढून रायगड गाठतो. १६७४ साली याच गडावर ज्यांच्या मस्तकी छत्र धरले गेले, त्या शिवाजीमहाराजांच्या घरचा वाटणीचा तंटा मात्र तेव्हाही मिटलेला नव्हता. आपल्या महाड-पोलादपुराकडे एका बांधापायी भाऊ-भाऊ जन्मभर अबोला धरतात. दुखणे तेच, फक्त घर मोठे!

शहाजीराजे १६६४ साली निवर्तले. कर्नाटकातील जहागीर सावत्र बंधू व्यंकोजीराजांकडे राहिली आणि तेरा वर्षे त्यांनीच ती उपभोगली. १६७७ साली महाराज दक्षिणेत उतरले, जिंजी घेतली, आणि तिरुमलवाडीस भावाची भेट घेऊन अर्धा वाटा मागितला. व्यंकोजींनी धड होकार दिला नाही की नकार. एके रात्री नदी ओलांडून ते तंजावरास निघून गेले.

त्यांचीही बाजू होती, ती झाकू नये. तंजावर वडिलार्जित नव्हते, स्वतःच्या मनगटावर मिळविलेले होते. शिवाय मध्यस्थ रघुनाथपंत हणमंते म्हणजे व्यंकोजींशी बिनसून महाराजांकडे आलेले कारभारी! अशा माणसावर त्यांचा विश्वास कसा बसावा?

महाराजांनी तंजावरावर चाल केली नाही. नदीच्या उत्तरेचा मुलूख ताब्यात घेतला, तो रघुनाथपंत व दुसरे सावत्र बंधू संताजी यांच्यावर सोपविला आणि ते परतले. पाठ फिरताच व्यंकोजी संताजींवर चालून गेले. एकाच बापाच्या दोन लेकांच्या फौजा लढल्या, रक्त सांडले आणि शेवटी व्यंकोजी हरले.

तह झाला तो त्यानंतर. जिंकलेल्या बाजूने यावेळी ओरबाडले नाही. तंजावर व्यंकोजींकडेच राहिले, आणि बंगळूर व आसपासचा मुलूख भावजय दीपाबाईंना चोळीबांगडीसाठी दिला गेला. भावाला दिले असते तर ती भीक वाटली असती. भावजयीला दिल्याने तो आहेर झाला, असे मला वाटते.

पुढे व्यंकोजी खिन्न होऊन कारभारातून मन काढू लागले. तेव्हा वडीलकीच्या नात्याने महाराजांनी त्यांना पत्र लिहून कामाला लावले. ३ एप्रिल १६८० रोजी महाराज रायगडावर गेले. तंजावरात व्यंकोजींचा वंश १८५५ पर्यंत नांदला.