नदीकाठचे किल्ले आणि पहिला निजाम

शालेय इतिहासात निजामुल्मुल्काचे नाव येते ते बहुधा पालखेडच्या प्रसंगी. १७२८ मध्ये बाजीरावाने त्याला कोंडीत पकडले आणि मुंगी-शेवगावचा तह करावयास लावले, एवढे आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते. परंतु याच माणसाने त्यापूर्वी चार वर्षे, ११ ऑक्टोबर १७२४ रोजी, बुलढाणा जिल्ह्यातील साखरखेर्डा येथे एक राज्य मिळविले आणि ते १९४८ पर्यंत टिकले, ही गोष्ट प्रत्यक्ष वऱ्हाडातही फारशी सांगितली जात नाही. २०२४ मध्ये त्या लढाईला तीनशे वर्षे पूर्ण झाली.

हे राज्य परचक्राशी झुंजून उभे राहिले नाही. मोगल सरदारांच्या आपसांतील यादवीतून ते निर्माण झाले आणि त्या यादवीत तोफांइतकेच महत्त्व तापी-पूर्णेच्या उतारांना, त्या वाटांवरील किल्ल्यांना आणि किल्ल्यांतील शिबंदीच्या थकलेल्या पगाराला होते.

मीर कमरुद्दीनचा जन्म १६७१ चा. घराणे मूळचे मध्य आशियातील. आजोबा गोवळकोंड्याच्या वेढ्यात १६८७ मध्ये कामी आले. वडील गाझीउद्दीन खान फिरोजजंग यांची दृष्टी साथीच्या रोगात गेली, तरी ते सेनापती म्हणून वावरत राहिले. दख्खन जिंकण्यासाठी औरंगजेबाने घालविलेली वर्षे या मुलाने छावणीत काढली. चिन किलिच खान हा किताब त्याला औरंगजेबाकडूनच मिळाला. किल्ल्यांना वर्षानुवर्षे वेढे घालून बादशाही खजिना कसा रिता होतो, हे त्याने तरुणपणीच पाहिले होते. पुढे तो स्वतः किल्ले ज्या रीतीने घेऊ लागला, तिचे मूळ या अनुभवात असावे असे मला वाटते.

१७१३ मध्ये फर्रुखसियर बादशहाने त्याला दख्खनची सुभेदारी दिली आणि दोनच वर्षांत ती काढून सय्यद हुसेन अलीला दिली. १७१९ मध्ये सय्यद बंधूंनी त्या बादशहालाच पदच्युत केले, आणि निजामाची रवानगी माळव्यात झाली. तेथूनही आपणास हलविणार, अशी चिन्हे दिसताच मे १७२० मध्ये त्याने नर्मदा ओलांडली. दिल्लीकडे न जाता तो दक्षिणेकडे वळला.

पुढील तीन महिने या चरित्रातील सर्वांत महत्त्वाचे होत. नर्मदा उतरून तापीच्या खोऱ्यात येणारी वाट असीरगड रोखून धरतो. उंच, भक्कम असा हा दुर्ग घेण्यास १६०० च्या सुमारास खुद्द अकबराला महिनोन्‌महिने तिष्ठावे लागले होते. निजामाला तो लढाईवाचून मिळाला. गडावरील शिबंदीचा पगार कित्येक दिवसांपासून थकला होता. त्याने थकबाकी चुकती केली आणि दरवाजे उघडले. अर्थशास्त्राच्या अध्यापकाला या प्रसंगाचे आकर्षण वाटावे, यात नवल नाही. तटबंदीची जाडी कितीही असली तरी आतील माणसाच्या घरी चूल पेटत नसेल तर तिचा उपयोग काय? पाठोपाठ तापीकाठचे बऱ्हाणपूरही हाती आले. सय्यदांच्या बाजूचा दिलावर अली खान उत्तरेकडून चालून आला, तो जूनमध्ये बऱ्हाणपूरच्या उत्तरेस मारला गेला.

दुसरा शत्रू दक्षिणेकडून येत होता. हुसेन अलीचा पुतण्या आलम अली खान औरंगाबादेहून निघाला. त्याच्याबरोबर शंकराजी मल्हार आदी मराठे सरदार होते. चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा नुकत्याच सय्यदांच्या मध्यस्थीने मिळाल्या असल्याने मराठ्यांचा कल त्या बाजूस असणे साहजिकच होते. मध्ये दुथडी भरलेली पूर्णा होती. निजामाने नदीकाठाने बरेच वर जाऊन उतार शोधला आणि पलीकडचा तीर गाठला. वऱ्हाडच्या काळ्या मातीत श्रावणात बैलगाडी कशी रुतते हे येथील वाचकास सांगावयास नको. तोफा ओढणाऱ्या जनावरांचे आणि महागलेल्या धान्यावर जगणाऱ्या छावणीचे हाल त्यावरून कळावेत. १० ऑगस्टला बाळापूरजवळ आलम अली पडला. बाळापूरला आज दिसणारा संगमावरील किल्ला मात्र त्या लढाईचा साक्षीदार नव्हे. तो पुढे १७५७ मध्ये पुरा झाला.

सय्यदांचा पाडाव झाल्यावर १७२२ मध्ये निजाम दिल्लीचा वजीर झाला. दरबाराला शिस्त लावण्याचा त्याचा खटाटोप कोणालाच रुचला नाही. तो दक्षिणेकडे परतू लागताच हैदराबादचा सुभेदार मुबारिझ खान याला त्याच्याविरुद्ध उभे करण्यात आले. मुबारिझ खान काही सामान्य असामी नव्हता. हैदराबादचा कारभार त्याने दहा वर्षे सचोटीने आणि करडेपणाने हाकला होता. निजामाने मे १७२४ मध्ये माळव्यात नालछा येथे बाजीरावाची भेट घेऊन मराठ्यांकडील बाजू सुरक्षित केली, आणि पावसाळा संपताच पैनगंगा व खडकपूर्णा यांच्या दरम्यानच्या मुलखात गाठ पडली. साखरखेर्ड्याला मुबारिझ खान आपल्या दोन मुलांसह ठार झाला. गोवळकोंडा त्याच्या तिसऱ्या मुलाच्या ताब्यात होता. तेथेही निजामाने तट फोडण्याऐवजी बोलणी केली, आणि किताब व जहागीर देऊन किल्ला मिळविला. १७२५ मध्ये बादशहाने, दुसरा इलाज नसल्याने, आसफजाह हा किताब देऊन घडले ते मान्य केले.

पगार देऊन किल्ले घेणारा हा धोरणी पुरुष होता, हे मान्य करावेच लागेल. पण तो पैसा येत होता कोठून? वऱ्हाडच्या जिराईत शेतीतूनच. निजामाला महसूल आणि मराठ्यांना चौथाई अशी दोअंमली येथे रुजली, आणि एकाच पिकावर दोन कचेऱ्यांची नजर राहू लागली. लढाईत कोण जिंकले याची चर्चा आपण करतो. हंगामात दोनदा दाराशी आलेल्या शिपायांना त्या कुणब्याने काय दिले असेल, याची कोणी करीत नाही.

निजाम १७४८ मध्ये बऱ्हाणपुरास, ज्या तापीकाठी त्याचे दैव उघडले तेथेच, मरण पावला. खुलदाबादेस त्याची कबर आहे. साखरखेर्ड्याला त्याने विजयाची खूण म्हणून फत्तेखेर्डा हे नाव दिले होते. इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरपर्यंत ते कागदोपत्री चालले. गावकऱ्यांनी आपले जुने नाव सोडले नाही, आणि आज सरकारी दप्तरातही तेच आहे.