सात स्वर आणि ५०४० वाटा

लताबाईंचा जन्म इंदूरचा, हे आम्ही इंदूरकर पाहुण्यांना अभिमानाने सांगतो. पण गाण्याच्या एका पद्धतीला आमच्या गावाचे नाव मिळाले ते उस्ताद अमीर खाँ यांच्यामुळे. यंदाच्या स्मरणिकेत त्यांचे स्मरण करण्यास आणखी एक निमित्त आहे, ते ओघात येईलच.

खाँसाहेबांचा जन्म १९१२ सालचा. वडील शाहमीर खाँ भेंडीबाजार घराण्याचे. सारंगी आणि बीन वाजवत, होळकर दरबारात चाकरीला होते. मुलगा नऊ वर्षांचा असताना आई गेली. वडिलांनी त्याला सारंगीही शिकवली, परंतु त्याचा ओढा गळ्याकडे दिसताच गाण्याचीच तालीम वाढवली. सारंगी धाकट्या भावाने, बशीर खाँ यांनी सांभाळली. पुढे ते इंदूर आकाशवाणीवर वाजवीत.

या तालमीचा कणा म्हणजे मेरुखंड. तीन स्वर घेतले तर त्यांची मांडणी सहा प्रकारे होते, चार घेतले तर चोवीस आणि सातही घेतले तर ५०४०. देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकरा’त हा हिशेब मांडून ठेवला आहे. हिशेब कोणीही करील. पण तो गळ्यात उतरवायचा आणि श्रोत्याला आकडेमोडीचा वासही येऊ द्यायचा नाही, हे खाँसाहेबांनाच साधले असे आमचे मत आहे.

आता ते निमित्त. आमच्या मंडळातली मुले हल्ली पियानो आणि की-बोर्ड शिकतात. जॅझमधले ‘ऑल्टर्ड स्केल’ त्यांना गोंधळात टाकते. सा, कोमल रे, कोमल ग, शुद्ध ग, तीव्र म, कोमल ध, कोमल नी. दोन गंधार लागोपाठ आणि पंचम नाहीच! पाठ करायला बसले तर डोके फिरते. त्यांनी खाँसाहेबांचा चारुकेशी ऐकावा. मूळचा हा राग कर्नाटक संगीतातला. हंसध्वनी आणि आभोगीप्रमाणे तोही त्यांनी आपलासा केला. पांढरी एक सा धरून चारुकेशी वाजवा: पांढरी एक ते पाच सरळ, मग काळी चार आणि काळी पाच. आता याच पट्ट्यांवर पांढरी तीन, म्हणजे चारुकेशीचा शुद्ध गंधार, सा माना. वर सांगितलेले सातही स्वर ओळीने हाताखाली येतात. आपल्याकडे याला मूर्च्छना म्हणतात. फरक मुक्कामाचा आहे. जॅझवाला या स्वरांवर एखाद-दोन मात्रा अस्वस्थ होऊन उभा राहतो आणि पुढच्या कॉर्डवर घरी परततो. पंचमच नसल्यामुळे टेकायला जागा नाही, म्हणून ती अस्वस्थता. पंचम नसलेल्या मारव्यात खाँसाहेब मात्र तीच बेचैनी घेऊन अति विलंबित झुमऱ्यात निवांत बसतात. १९६० साली मारवा आणि दरबारीची त्यांची ध्वनिमुद्रिका निघाली. आमच्यापैकी कितीतरी घरांत ती झिजेपर्यंत वाजली आहे.

इथवर येण्याची वाट सोपी नव्हती. १९३४ साली ते मुंबईला गेले, काही मैफिली झाल्या, काही तबकड्या निघाल्या. पुढे रायगढ संस्थानात राजा चक्रधरसिंहांकडे राहिले. संस्थानातर्फे मिर्झापूरच्या परिषदेत गायला बसले, तेव्हा श्रोत्यांनी पंधरा-वीस मिनिटांत आरडाओरडा करून त्यांना उठवले. संयोजकांनी ठुमरी गाण्याचा आग्रह केला. त्यांनी नकार दिला. ठुमरी येत नव्हती असे नाही. आपला पिंड ख्यालाचा, हे त्यांनी त्या वयातच ठरवले होते, आणि जमाव तापलेला असतानाही ते ढळले नाहीत.

किराण्याचे वहीद खाँ यांची संथ बढत, देवासचे रजब अली खाँ यांच्या ताना आणि भेंडीबाजारचे अमान अली खाँ यांची सरगम ही त्यांची तीन मोठी आकर्षणे. काही जाणकार म्हणून त्यांच्या गायकीला उसनवारी म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. उसने घेतलेले वेगळे ओळखू येते; इथे सांधा शोधूनही सापडत नाही. तराण्यातले बोल निरर्थक नसून त्यांना फारसी अर्थ आहे, या विचाराने त्यांनी केलेला अभ्यासही त्यांचा स्वतःचाच.

चित्रपटांमुळे त्यांचा आवाज घरोघरी गेला. ‘बैजू बावरा’त (१९५२) द. वि. पलुसकरांबरोबर देसी, ‘झनक झनक पायल बाजे’त (१९५५) वसंत देसाईंच्या संगीतात अडाणा. १९६७ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, १९७१ साली पद्मभूषण.

१३ फेब्रुवारी १९७४ रोजी कोलकात्यात मोटार अपघातात ते गेले. दफनही तिथेच झाले.